रविवारी तोललेले मीठ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत बसवलेली एक तुला होती. तिच्यासोबत लाकडी खाचांमध्ये ओळीने ठेवलेली पितळी वजने आणि ती उचलायला एक चिमटा. वजनाला बोट लावायचे नाही, हे मी नववीच्या मुलांना पहिल्याच तासाला सांगत असे. बोटाचा घाम वजनाला चिकटतो आणि मग आपण वस्तू तोलतो आहोत की स्वतःला, हे कळेनासे होते. मुले हसत. मीही ते केवळ शिकवण्याचे एक वाक्य म्हणूनच बोलत होतो.

जवळजवळ दीड वर्ष, दर रविवारी सकाळी, मी त्या तुलेवर माझ्या घरातले मीठ तोलत होतो.

गाव धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. एका अंगाला सागाचे रान, दुसऱ्या अंगाला तलाव, मध्ये शाळा. नव्वदचे दशक संपत आले होते. शाळेच्या कुंपणाला लागून शिक्षकांसाठी दोन खोल्यांचे घर होते, त्यात आम्ही नवरा-बायको राहत होतो. आम्हाला मूल नव्हते. मी चंद्रपुरात वाढलो, शहरातल्या शाळांत शिकलो आणि माझी भाषा फळ्यावर लिहिल्यासारखी झाली ती कायमची. बायको नागभीडजवळच्या, धान पिकवणाऱ्या घरातली. माझ्याशी बोलताना ती जरा जपून बोले. शेजारच्या मावशींशी बोलताना मात्र तिचा आवाज मोकळा होई. मावशी तलावावर जाळे टाकणाऱ्या घरातल्या होत्या. भिंतीपलीकडून त्या दोघींचे हसणे मला ऐकू येई आणि मी उत्तरपत्रिका तपासत बसे.

एकदा शाळेत आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. खुर्च्या मांडायचे काम माझ्याकडे होते, म्हणून तीही येऊन रांगेत बसली. परिचारिकेने तिचा रक्तदाब एकदा मोजला, पुन्हा मोजला आणि मग डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. ती घेतल्यावर लघवी जास्त होईल, असे सांगितले. मीठ कमी करा, असेही सांगितले. वय तिशीच्या थोडे पुढे, अंगाने बारीक. डॉक्टरांना जरासे नवल वाटलेले दिसले. पण मागे रांग होती.

मला नवल वाटले नाही. तिचे मीठ खाणे मी लग्नापासून पाहत होतो. ती भातावर मीठ भुरभुरायची, काकडीला मीठ लावून पाच मिनिटांनी पुन्हा लावायची. बोटाला चिकटलेले खडे चाटायची. मी टोकले की म्हणायची, "मले लागतच नाई मीठ. टाकलं तरी लागत नाई." मला ते लाडिक बोलणे वाटे. आता मात्र माझ्या टोकण्याला वैद्यकीय कारण मिळाले होते. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, पाण्याने रक्ताचे आकारमान वाढते, तेवढ्याच नळीत जास्त द्रव आला की दाब वाढतो. हे मी मुलांना सायकलच्या ट्यूबचे उदाहरण देऊन शिकवत असे. माझ्या दृष्टीने प्रश्न सुटलेला होता, फक्त पायऱ्या लिहायच्या राहिल्या होत्या.

पुढच्या खेपेस चंद्रपूरला गेलो तेव्हा रक्तदाब मोजायचे पाऱ्याचे यंत्र आणि स्टेथोस्कोप विकत आणला. घरातले सारे मीठ पत्र्याच्या ट्रंकेत घालून कुलूप लावले. औषधाची एक रिकामी डबी धुऊन वाळवली, तीत पुड्यातले बारीक मीठ भरून शाळेत नेले, शंभर ग्रॅम तोलले आणि ती डबी स्वयंपाकाच्या फळीवर ठेवली.

"हे काय मांडून राह्यले?" तिने विचारले.

"शंभर ग्रॅम आहे. दोघांच्या स्वयंपाकाला रोज दहा, म्हणजे आठवड्याला सत्तर. रविवारी तीस उरायला हवेत."

"अन् नाई उरले तं?"

"मी तोलणारच आहे. कळेल."

"काय कळंल? मी किती खाल्लं ते? मंग मलेच विचारा ना."

मी हसलो. "विचारून मिळते ते उत्तर. तोलून मिळते ते मापन."

"बरं मास्तर," ती म्हणाली. मला चिडवायचे असले की ती मास्तर म्हणत असे. त्या दिवशी मात्र चिडवल्यासारखे वाटले नाही.

तेव्हापासून जेवणाच्या पानात मीठ वाढणे बंद झाले. ताटाच्या कडेला जिथे मिठाचा चिमटीभर ढीग असायचा, तिथे जागा मोकळी राहू लागली. मी तिच्या ताटाकडे पाहून मगच माझे जेवण सुरू करी.

रविवारचा क्रम ठरलेला होता. सकाळी आंघोळ करून मी डबी उचलायची, कुंपणाच्या फाटकातून शाळेत जायचे आणि बंद शाळेचे कुलूप काढायचे. पोरांशिवाय शाळा मोठी वाटते, खडूच्या भुकटीलाही वास येतो. तोलून झाले की वहीत आकडा लिहायचा आणि घरी येऊन डबी तिच्यापुढे ठेवायची. आकडा मोठ्याने वाचायचा. मग तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा आणि तो शेजारच्या रकान्यात लिहायचा. शेवटी शाळेतून तोलून आणलेले नवे सत्तर ग्रॅम डबीत घालायचे.

मिठाचा रकाना सुरेख होता. तीस, साडेएकोणतीस, तीस, साडेतीस. मी खूष होतो. पण दुसरा रकाना खाली यायला तयार नव्हता. आधी जेवढा होता तेवढाच राहिला, मग हळूहळू वर चढू लागला. त्याखेरीज तिच्या तक्रारी होत्या. तहान फार लागते, पोटऱ्यांत गोळे येतात, हात गळून जातात, तलावावरून पाण्याची बादली आणली की बसावेसे वाटते. पाण्याचे मडके दिवसातून दोनदा भरावे लागे. मी ते ऐकून घेई. वहीत तक्रारींसाठी रकाना नव्हता.

मुलांच्या प्रयोगवह्या तपासणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. खऱ्या प्रयोगाचे आकडे थोडे वाकडेतिकडे असतात. फार सरळ आले की समजावे, शेजाऱ्याचे पाहून लिहिले. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला वर्षापेक्षा जास्त काळ लागला. आठवड्यात पाहुणे येऊन जेवून गेले तरी डबीत तीस ग्रॅम. मी तीन दिवस चंद्रपूरला असलो तरी तीस ग्रॅम.

त्या रविवारी मी डबी कागदावर पूर्ण रिकामी केली आणि भिंग घेतले. पांढऱ्या, बारीक, सारख्या दाण्यांमध्ये राखाडी, ओबडधोबड कण मिसळलेले होते. खड्याचे मीठ पाट्यावर भरडल्यावर दिसते तसे. मग डबी उजेडाकडे धरून आत पाहिले. आतल्या अंगाला सुईने ओढलेली एक बारीक रेघ होती. मी कागदावरचे तीस ग्रॅम पुन्हा डबीत भरले, डबी हलकेच आपटली. मीठ बरोबर त्या रेघेला टेकले.

ती रेघ मला आधी, अगदी क्षणभर, आवडली होती, हे इथे नोंदवले पाहिजे. तुलेशिवाय, फक्त डोळ्यांनी आणि एका सुईने तिने माझ्या मापनाला तोडीस तोड मापन उभे केले होते. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला शाबासकी दिली असती.

पण मी डबी हातात घेऊन तिला शोधत निघालो.

ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, होती. मावशी आणि त्यांची सून बारीक मासे साफ करून, मीठ चोळून, बांबूच्या ताटीवर वाळत घालत होत्या. ती त्यांच्याजवळ बसली होती. आमच्या भागात मीठ एकमेकींच्या हातात देत नाहीत. दिले तर भांडण होते, अशी समजूत आहे. म्हणून मावशी खड्यांचे मीठ पळसाच्या पानावर घालून ते पान जमिनीवर ठेवत आणि ती ते उचलून घेई. मी पाळीवर चढलो तेव्हा ते पान तिच्या तळहातावर होते. ती मासे चोळत नव्हती. ती पानावरचा एकेक खडा तोंडात टाकत होती आणि तलावाकडे पाहत होती. ऊन खाणाऱ्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा सैल झाला होता. तसा तो मी घरात पाहिलेला नव्हता.

"हे काय आहे?" मी डबी पुढे केली. "ही रेघ कोणी ओढली?"

ती उठून उभी राहिली. पान तिच्या हातातून खाली पडले.

"मी नाई खाल्लं," ती म्हणाली. ओठांना मीठ लागलेले होते.

"माझ्यासमोर खातेस आणि नाही म्हणतेस? खोटारडी आहेस तू. तुझ्या जिभेवर तुझा ताबा नाही आणि बोलण्यावरही नाही."

मावशींनी हातातला मासा खाली ठेवला. "काऊन ओरडून राह्यले जी, गुरुजी? चिमूटभर मीठ तं आहे. आमच्या मासोळीले कमी नाई पडत."

"तिला ते विष आहे, मावशी. तुम्हाला ठाऊक नाही."

"विष राह्यतं तं बाईले असं गोड लागलं असतं का?" त्या म्हणाल्या. सून तोंडाला पदर लावून हसली. मग मावशी माझ्याकडे न पाहता, जमिनीवरच्या पानाकडे पाहत बोलल्या, "आमी हातात नाई देल्लं बापा. पानावर ठेवलं. तरी भांडण झालंच."

घरी येऊन तिने स्वयंपाक केला, त्यात मीठ घातले नव्हते. आठवड्याभराने तिचा धाकटा भाऊ आला आणि ती भाचीच्या बारशाला म्हणून माहेरी गेली. बसमध्ये चढताना मी तिला गोळ्यांची पुडी दिली आणि वेळा समजावून सांगितल्या. तिने मान डोलावली. बारसे झाले, महिना झाला. ती आली नाही.

मी जाऊन आणायला हवे होते. मी पत्र लिहिले. पत्रात मीठ, गोळ्या आणि महिन्यातून एकदा तपासणी हे तीन मुद्दे क्रमवार होते. उत्तर तिच्या भावाकडून आले. ताई बरी आहे, येथे करमते, काळजी नसावी. पुढच्या महिन्यात मी पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर. अशी दोन वर्षे गेली.

एकट्या माणसाच्या स्वयंपाकात मीठ किती घालावे, हे मला कधीच नीट जमले नाही. ग्रॅम माहीत होते, हात माहीत नव्हता. एका वाटीच्या वरणात जे बरोबर होई ते दुसऱ्या दिवशी खारट लागे. ट्रंकेला कुलूप लावणे मी सोडले नव्हते, कारण ते सोडायचे कारण सापडत नव्हते. त्यामुळे स्वतःच्या स्वयंपाकाला मीठ घ्यायचे तर मलाच किल्ली शोधावी लागे. मावशी कधीमधी भिंतीवरून विचारत, "जेवले का जी, गुरुजी?" मी हो म्हणे. भिंतीपलीकडून आता हसणे ऐकू येत नसे. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत अख्खे गाव पहाटे टोपल्या घेऊन रानात जाई आणि दुपारपर्यंत घरांच्या रांगेत मी एकटा असे. अशा दुपारी मी वही काढून ते दोन रकाने पुन्हा पुन्हा पाहत बसे. एखादे गणित सुटत नाही तेव्हा पाहतात तसे.

दरवर्षी दहावीला अंतःस्रावी ग्रंथींचा धडा येई. मी फळ्यावर मूत्रपिंड काढून त्यावर टोपी घातल्यासारखी अधिवृक्क ग्रंथी काढी. "या ग्रंथीचा एक स्राव मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला सांगतो," मी सांगे आणि टोपीपासून मूत्रपिंडापर्यंत एक बाण काढी. बाण एकच होता.

शतक उलटल्यानंतरच्या एका हिवाळ्यात गावातल्या दुकानाच्या फोनवर तिच्या भावाचा निरोप आला. "भाऊजी, ताई सकाळी उठली अन् पायच उचलेनात. चंद्रपूरले आणलं तिले. तुमी या."

गडचिरोलीला बस बदलून मी चंद्रपूरला पोचलो. येताना काय घ्यावे हे सुचले नाही, म्हणून ती वही घेतली होती.

ती दवाखान्यातल्या खाटेवर होती, हाताला सलाईन. दोन वर्षांत तिचा चेहरा उतरला होता. माझ्याकडे पाहून तिने पदर सारखा केला, तेवढीच एक हालचाल. भाऊ म्हणाला, पायांत आता थोडी ताकद येऊन राह्यली. मग मला डॉक्टरीणबाईंनी बोलावले. त्या माझ्याहून वयाने लहान असतील, पण बोलणे शिक्षकाचे होते. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीवर जात नसत. मला ते बरे वाटले.

"तिच्या रक्तात पोटॅशियम फार कमी झाले होते," त्या म्हणाल्या. "स्नायूंना ते लागते, म्हणून पाय उचलेनात. पोटॅशियम कुठे जाते, हा प्रश्न आहे. लघवीच्या गोळीनेही जाते. पण एवढे नाही. मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते..."

"अधिवृक्क," मी म्हणालो. "मी शिकवतो."

"मग सोपे आहे. त्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचे हार्मोन येते. ते मूत्रपिंडाला सांगते, मीठ धर, पोटॅशियम सोड. शरीरात मीठ कमी असेल तेव्हाच ते जास्त यायला हवे. यांच्या बाबतीत एका बाजूच्या ग्रंथीवर बोराएवढी गाठ असावी असा मला संशय आहे. मीठ असो-नसो, ती गाठ हार्मोन ओतत राहते. नागपूरला तपासणी करून पक्के करू."

"म्हणजे मीठ साचून रक्तदाब वाढला."

"तेवढेच नाही." त्यांनी माझी वही उलटी करून शेवटच्या कोऱ्या पानावर एक डोके काढले, ओबडधोबड. "मेंदूत प्रत्येक रसायन शिरत नाही, मध्ये एक गाळणी आहे. पण काही थोड्या जागा अशा आहेत की तिथे मेंदू रक्तातले निरोप वाचतो. तहानेचा निरोप, मिठाचा निरोप. हे हार्मोन तिथे पोचले की मेंदू दोन गोष्टी करतो. एक, रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नसांना आवळून धरायला सांगतो. म्हणजे मूत्रपिंडामुळे तर दाब वाढतोच, त्यावर मेंदू स्वतः आणखी वाढवतो. आणि दुसरी, तो माणसाला मीठ मागायला लावतो. उंदरांत हे फार स्पष्ट दिसते. माणसांत अजून सगळे उलगडलेले नाही. पण असे रुग्ण मीठ जास्त खातात, हे आम्ही पाहतो."

मी वहीवरच्या त्या डोक्याकडे पाहत राहिलो. त्यांना वाटले, समजले नाही.

"असे समजा की शरीरात मीठ काठोकाठ भरले आहे. आणि ती गाठ मेंदूला सांगते आहे, संपत आले, संपत आले. मेंदू बिचारा विश्वास ठेवतो. आतून अशी मागणी असताना मीठ तोडणे किती कठीण असेल, बघा."

माझ्या फळ्यावरचा एकच बाण मला आठवला. वर जाणारा दुसरा बाण मी पंधरा वर्षे काढलेला नव्हता. तो माझ्या पुस्तकात नव्हता, हे खरे. पण मडके दिवसातून दोनदा रिकामे होत होते, ते पुस्तकात नव्हते तरी घरात होते.

डॉक्टरीणबाई वहीची पाने चाळू लागल्या. "रक्तदाब तुम्ही स्वतः मोजायचात? छान ठेवले आहे. हे शेजारचे आकडे कसले?"

मी सांगितले. सगळे, रेघेसकट. त्या हसल्या नाहीत.

"आधी काय करायचात? वजन की दाब?"

"वजन. मग घरी येऊन आकडा वाचून दाखवायचो. मग दाब."

त्यांनी पेनाचे टोक दुसऱ्या रकान्यावर क्षणभर टेकवले आणि उचलले. "मग या आकड्यांत थोडे दुसरेही असेल," त्या म्हणाल्या. "निकाल ऐकायला बसलेल्या माणसाचा दाब." आणि वही मिटून माझ्याकडे दिली.

व्हरांड्यात येऊन मी ती वही पुन्हा उघडली. ती चूक नववीतल्या मुलाने केली असती तर मी लाल शाईने खूण केली असती. मोजणाऱ्याने आधी वस्तूला हात लावला, मग मोजले. गाठीने किती वाढवले आणि मी किती, हे त्या रकान्यातून आता कोणालाच वेगळे काढता येणार नव्हते.

तरीही, मी जे घेऊन तिच्याकडे गेलो ते मला त्या वेळी आनंदवार्ताच वाटत होते. भाऊ चहा आणायला गेला होता. मी स्टूल ओढून बसलो आणि तिला समजावून सांगितले. ग्रंथी, हार्मोन, मेंदूतल्या त्या थोड्या जागा. सोपे करून, उदाहरण देऊन. शेवटी म्हणालो, "तुझा काहीच दोष नव्हता. ती गाठ मेंदूला खोटे सांगत होती. खोटे ती बोलत होती, तू नाही."

ती छताकडे पाहत ऐकत होती.

"मीठ खाल्लं ते गाठीनं," ती म्हणाली. "बरं. मले आता समजलं, कायले एवढं लागे ते. मले वाटे, मीच हावरट."

"तेच तर."

"पण खोटं मीच बोलली ना."

"अगं, ते..."

"ते हार्मोनानं नाई होत जी." तिने माझ्याकडे मान वळवली. आवाजात राग नव्हता, हेच कठीण होते. "तुमी रविवारी शाळेतून येत, ती डबी घेऊन. कुंपणाचं फाटक वाजलं की मायं काम हातातच थांबे. रेघ ओढली ती त्याच्यापाई. मी मायेकडं कधी खोटं नाई बोलली, मावशीपाशी नाई बोलली. तुमच्याच घरी बोलायले लागली. आता सांगा, ते कोणत्या गाठीनं?"

शिकवताना उत्तर न येणारा प्रश्न आला की मी 'उद्या पाहून सांगतो' म्हणत असे. तिथे तेही म्हणता आले नाही. भाऊ चहा घेऊन आला आणि आम्ही तिघांनी तो प्यायला.

नागपूरला गाठ सापडली आणि शस्त्रक्रियेने काढून टाकली. मी रजा घेऊन तिथे होतो. तिचा रक्तदाब काही महिन्यांत उतरत गेला, एक गोळी सुटली, मग दुसरी अर्धी झाली. हे मला तिच्या भावाकडून कळे, कारण घरी परत यायचे का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "पाहू." ती नागभीडला गेली. तिथे तिने शिवणाचे काम सुरू केले होते, मुलींना शिकवतही होती.

मी घरी येऊन ट्रंक उघडली. तळाचे मीठ ओल धरून दगडासारखे झाले होते. ते मी तलावाच्या पाळीवर मावशींना नेऊन दिले. हातात नाही, पान अंथरून. त्यांनी ढेकूळ बोटाने टोचून पाहिले. "एवढं कायले जपून ठेवलं होतं जी?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ते फोडायला बसल्या.

पुढच्या वर्षी दहावीच्या त्याच धड्याला मी दुसरा बाण काढला. वर, डोक्याकडे. परीक्षेला तो येणार नाही, हेही सांगितले. एका मुलीने विचारले, मग तो आम्ही वहीत काढायचा की नाही? मी म्हणालो, काढा.

एका सुट्टीत मी न कळवता नागभीडला गेलो. पत्रे लिहिणे सोडले होते. दुपारची वेळ होती. तिने मला पाहिले, पाय धुवायला पाणी दिले आणि म्हणाली, "जेवाचं राह्यलं असंल." भाऊ शेतावर होता, वहिनी मुलीला घेऊन आत होती. तिने दोन पाने मांडली. माझे आणि तिचे समोरासमोर. माझ्या पानात आधी मीठ वाढले, कडेला, चिमटीभर. मग भात, वरण, वांग्याची भाजी. तिच्या पानात काय वाढले ते मी पाहिले नाही.

पाहिले नाही, असे लिहायला सोपे आहे. डोळ्यांना दीड वर्षाची सवय होती. ते आपणहून उचलले जात होते आणि मी त्यांना माझ्या ताटाच्या काठावर आणून ठेवत होतो. तिला ते कळत होते. ती माझ्याकडे पाहते आहे, हे मला मान खाली असूनही जाणवत होते.

"पाहा की," ती म्हणाली. "पाहून घ्या एकदा."

"नको."

मग ती जेवायला लागली. "आता भाजीत मीठ जास्त पडलं तं मलेच आधी कळते," ती म्हणाली. "वहिनीले नाई कळत, मले कळते. मीठ मिठासारखं लागते आता." हे तिने मला सांगितले, मी विचारले नव्हते.

जेवण झाल्यावर तिने सुपारी दिली. गाडीची वेळ विचारली. मी सांगितली. तिने अंगणापर्यंत येऊन फाटक उघडले. ते कुरकुरले तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हे बी वाजते, पण याच्यानं काई होत नाई."

"पुढच्या सुट्टीत येऊ का?"

"या ना. कळवून नका येऊ," ती म्हणाली. "असेच या."

स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. बाकावर बसून मी पिशवीतून काहीतरी लिहायला घ्यावे म्हणून हात घातला. तेव्हा लक्षात आले की वही मी आणलीच नव्हती.